गोव्याचं आकाश: पणजीची गच्ची ते खोल्याचा सडा

शुक्रवार, पणजी

गोव्यात आकाश पाहायला निघालेल्याने थेट समुद्रकिनारा गाठू नये. पहिली संध्याकाळ पणजीत घालवावी, १८ जून रस्त्यावरच्या जुन्ता हाऊसच्या परिसरात. इथल्या हौशी खगोल निरीक्षणाचा इतिहास या इमारतीच्या गच्चीशी जोडलेला आहे. पर्सिव्हल नोरोन्हा यांनी १९८२ साली असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही संस्था सुरू केली. नोरोन्हा (१९२३–२०१९) हे फोंतेन्यासचे रहिवासी, सरकारी अधिकारी आणि गोव्याच्या इतिहासाचे अभ्यासक होते. पोर्तुगीज राजवट आणि मुक्तीनंतरचं प्रशासन, दोन्ही त्यांनी आतून पाहिली होती. खगोलशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता आणि पुढे संस्था चालवणाऱ्या बहुतेकांचाही नव्हता. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची. त्या मानाने गोव्याची संस्था उशिरा उभी राहिली, पण तिने लोकांसाठी कायमची सार्वजनिक वेधशाळा शहराच्या मधोमध, सरकारी इमारतीच्या गच्चीवर चालवली. हे काम फार मोठं आहे.

संस्थेच्या जन्माच्या आसपासचा काळही अनुकूल होता. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गोव्याला लागून असलेल्या कारवार-अंकोला भागातून गेला होता. मग १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता तेव्हा खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वरच्या, आकाशातल्या रेषेच्या) दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर होता. दिल्लीच्या क्षितिजावर तो जेमतेम १४ अंश वर येत होता, तर पणजीत २७. दक्षिणेकडच्या आकाशाच्या बाबतीत गोव्याला मिळालेला हा फायदा पुढे रविवारी पुन्हा कामी येणार होता.

या वेधशाळेचा जुना शिरस्ता असा: नोव्हेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, संध्याकाळी सात ते नऊ. वाचायला साधी ओळ आहे. पण हिशेब केला तर ती जवळजवळ दोनशे संध्याकाळी होते, आणि त्यातल्या प्रत्येक संध्याकाळी नोकरी-धंदा आटपून कुणीतरी किल्ली घेऊन वर जायचं असतं. हौशी वेधशाळा दुर्बिणीच्या व्यासावर टिकत नाही, ती या पाळ्यांवर टिकते. बाकीच्या साडेपाच महिन्यांतले चार पावसाचे. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, ते नेमके भर पावसाळ्यात. शुक्राची अधिक्रमणं (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणं) ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ ची, म्हणजे मॉन्सून गोव्याच्या दारात उभा असतानाची. गोव्यातल्या निरीक्षकाला पंचांगाइतकाच हवामान खात्याचा पावसाचा अंदाज पाहावा लागतो.

एक सूचना: जुन्ता हाऊस जुनी इमारत आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी निरीक्षण सुरू आहे का आणि कुठे, याची चौकशी आधी करावी.

शहरातल्या गच्चीवर दुर्बीण लावताना काय बिघडतं ते एकदा नीट समजून घेतलं की निम्मी निराशा टळते. पहिली अडचण स्लॅबची. दिवसभर तापलेलं काँक्रीट सूर्यास्तानंतर दोन-तीन तास उष्णता सोडत राहतं. १०० पटीला चंद्राची कडा पाण्याखाली असल्यासारखी हलते ती त्यामुळे, आणि माणसं उगाच दुर्बिणीला दोष देतात. चार वाजता गच्चीवर पाणी मारलं तर फरक पडतो, पण सातपर्यंत ती पूर्ण सुकली पाहिजे. नाहीतर तीच वाफ भिंगावर बसते. दुसरी अडचण हादऱ्यांची. दुर्बिणीचा खांब शक्यतो खालच्या कॉलमच्या बरोबर वर यावा, स्लॅबच्या मध्यावर नको, कारण मध्यावर माणूस चालला की स्लॅब लवते. ट्रायपॉड असेल तर पायांखाली जाड रबरी चकत्या ठेवाव्यात आणि रांग दुर्बिणीपासून दीड मीटर मागे थांबवावी.

रांगेचंही गणित असतं. आमच्याजवळची दुर्बीण ८ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. १२ मिलिमीटरच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) १०० पट मिळतात आणि ५० अंशी आयपीसमध्ये अर्ध्या अंशाचं आकाश दिसतं. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा एवढं अंतर दोन मिनिटांत ओलांडतो. प्रत्येकाला चाळीस सेकंद दिले तर दर दोन माणसांनंतर दुर्बीण सरकवावी लागते, तिसऱ्याची वाट पाहू नये. लहान मुलांसाठी दोन पायऱ्यांचं स्टूल हवं, आणि मुलांचे हात आयपीसवर नाही तर स्टुलाच्या दांड्यावर राहावेत म्हणून त्याला उंच दांडा हवाच.

उजेडाबद्दल लपवण्यासारखं काही नाही. मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे, २०१९ मध्ये सुरू झालेला अटल सेतू, पर्वरीची टेकडी: उत्तरेचं आकाश गढूळ झालंय. पणजीचा अक्षांश साडेपंधरा, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण तेवढ्याच अंशांवर, नेमका या उजेडात आणि दमट धुरकटीत. शहरातून चंद्र, गुरू, शनी, जोडतारे आणि मृगातला तेजोमेघ दाखवावा. दीर्घिका दाखवायचा हट्ट धरू नये, पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. सणांचंही भान ठेवावं. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो, त्यामुळे त्याच्या सुमारे सात आठवडे आधीचा कार्निव्हल दर वर्षी अमावास्येच्या आसपासच येतो. शिगम्याच्या मिरवणुकाही फाल्गुनाच्या कृष्ण पक्षात. म्हणजे अंधाऱ्या रात्री आणि शहरातले झगमगते रस्ते एकाच वेळी. यासाठीच पाडव्याच्या आधीच्या अमावास्येची शहरातली संध्याकाळ शुक्रवारी उरकून टाकली.

शनिवार, जुने गोवे आणि फोंडा

सकाळी पातळभाजी-पाव खाऊन जुने गोवे. लोक इथे चर्च पाहायला येतात, आणि ती पाहावीतच. पण दुर्बिणीच्या इतिहासातही या गावाला जागा आहे. १६१८ साली आकाशात लागोपाठ धूमकेतू दिसले, तेव्हा चीनला निघालेल्या जेझुइट धर्मगुरूंची तुकडी नुकतीच गोव्यात उतरली होती. त्यांतल्या बोहेमियाच्या वेन्सेस्लास किर्विट्झर याने इथून त्या धूमकेतूंचे वेध घेतले, आणि ती निरीक्षणं १६२० मध्ये युरोपात छापली गेली. गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. भारतात दुर्बिणीतून केलेल्या खगोल निरीक्षणांच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींमध्ये ती मोजली जातात. सेंट पॉल कॉलेजची उरलेली एकुलती कमान रस्त्याच्या कडेला उभी आहे. जेझुइटांचं विद्येचं केंद्र होतं ते. तिथे पाच मिनिटं थांबावं.

दुपार फोंड्याला, दुर्बिणीच्या देखभालीत गेली. प्रवासवर्णनात हा भाग सहसा गाळला जातो. पण गोव्यात वेधशाळा बंद पडते ती इथेच. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, खारा वारा, आणि ऑक्टोबरातली ती भाजणारी दमट हवा.

आरसा धुवायचा तो वर्षातून एकदा, फार तर दोनदा. उगाच धुऊ नये, किंचित धुळीने प्रतिमा बिघडत नाही, घासल्याने मात्र थर कायमचा ओरखडतो. पद्धत अशी. आरसा सेलमधून (त्याला धरून ठेवणाऱ्या चौकटीतून) काढायचा आणि बेसिनमध्ये दुमडलेल्या टॉवेलवर ठेवायचा. हातातल्या अंगठ्या आधीच उतरवायच्या. कोमट पाण्याची धार तीन-चार मिनिटं सोडायची, म्हणजे वाळूचे कण आपोआप वाहून जातात. दोन लिटर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून त्यात आरसा दहा मिनिटं भिजू द्यायचा. मग शुद्ध कापसाचा बोळा, स्वतःच्या वजनापेक्षा जास्त दाब न देता, एकाच दिशेने एकदाच ओढायचा आणि टाकून द्यायचा. दुसरा ओढा नव्या बोळ्याने. शेवटी एक लिटर डिस्टिल्ड वॉटर. हे चुकवू नये, विहिरीच्या पाण्याचे डाग वाळल्यावर निघत नाहीत. आरसा जवळजवळ उभा टेकवून वाळवायचा आणि उरलेले थेंब टिश्यूच्या टोकाने टिपायचे, पुसायचे नाहीत. परत बसवताना पकडीचे क्लिप घट्ट आवळू नयेत. क्लिप आणि काच यांच्यात व्हिजिटिंग कार्डाइतकी फट राहिली पाहिजे. आवळले तर तारा गोल न दिसता त्रिकोणी दिसतो.

बुरशी ही गोव्यातली सगळ्यात महागडी गोष्ट. ती आयपीसच्या आतल्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्यातून निघणारं आम्ल काचेवरचा थर खातं, म्हणून उशिरा पुसली तरी डाग राहतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते. आयपीस हवाबंद प्लॅस्टिक डब्यात, सोबत सिलिका जेल आणि दहा-पंधरा रुपयांचा नाही, बऱ्यापैकी आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेलचा रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं मीठ असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. नारिंगी घ्यावं. डांबराच्या गोळ्या मात्र डब्यात कधीही नकोत, त्यांची वाफ भिंगावर पातळ पडदा धरते.

मोठ्या दुर्बिणीसाठी कोकण-गोव्यातला जुना उपाय आजही उत्तम आहे: कपाटात तळाशी जळता बल्ब. हल्ली एक गफलत होते. जुना ४० वॉटचा बल्ब गेला की दुकानातून एलईडी येतो, उजेड तोच म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पावसाळ्यानंतर कपाट उघडलं की सगळं पांढरं. काम उजेडाचं नसून उष्णतेचं असतं. तारेचा बल्ब मिळत नसेल तर कपाटात बसवायची छोटी हीटर-कांडी घ्यावी. ताडपत्रीतही दुर्बीण करकचून बांधू नये. आत अडकलेली ओल रात्री थंड होऊन नळीवर घामासारखी बसते. खालून वारा खेळेल इतकी मोकळीक ठेवावी.

गोव्यात स्वतःची छोटी वेधशाळा बांधायची असेल तर घुमटापेक्षा सरकतं छप्पर बरं. घुमटाचा फिरता कडा आणि झडप या दोन्ही ठिकाणी पाणी शिरतं, आणि खाऱ्या हवेत चाकं धरतात. छपराचे पत्रे आणि अँगल गॅल्व्हनाइज्ड घ्यावेत, कापलेल्या आणि वेल्ड केलेल्या जागी रेड ऑक्साइडचे दोन हात, दर मे महिन्यात पुन्हा. छप्पर उत्तरेकडे सरकेल असं ठेवावं, असं आमचं ठाम मत आहे. त्याने उत्तरेचं खालचं आकाश झाकलं जातं हे खरं, पण तिथे पाहण्यासारखं थोडं आहे, दक्षिणेला अमाप. आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून अडकवायचे हूक त्या कोपऱ्यात दुप्पट.

रविवार, खोला

मडगावहून असोळणा, बेतूल करत किनाऱ्याच्या रस्त्याने खोला हे गाव. काब द राम किल्ला दिवसा पाहून घ्यावा. रात्री निरीक्षण किल्ल्यात करायचं नसतं, गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर करायचं, तेही जागेच्या मालकाला विचारून आणि जवळच्या पोलीस चौकीत कळवून. मोठी नळी तिपाईवर चढवलेली लांबून भलतंच काही वाटू शकते. खालच्या किनाऱ्यांवर, विशेषतः आगोंद आणि गाळजीबागला, कासवं अंडी घालायला येतात. तिथे पांढरा दिवा लावून बसणं गैर आहे, म्हणून वाळूत दुर्बीण लावायचा विचारच करू नये.

दुपारी बाराच्या आधी पोहोचण्याचं कारण उत्तर दिशा. फोटो काढायच्या इक्वेटोरियल माउंटचा (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा) अक्ष ध्रुवाकडे हवा आणि इथे ध्रुव पंधरा अंशांवर, काजूच्या बागांतल्या धुरात बुडालेला असतो. मार्चमध्ये पालापाचोळा जाळतात, फेणीच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. होकायंत्रावर विसंबता येत नाही. जांभा लोहाने भरलेला, शेजारी गाडी उभी. १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला येताना जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी वाटेत जागोजाग होकायंत्राचा कल मोजत होता, तेव्हा जहाजावरच्या तोफांमुळे सुई हटते हे त्याच्या लक्षात आलं होतं. पुढे तो इथलाच व्हाइसरॉय झाला. आपल्या तोफा म्हणजे काउंटरवेट (दुर्बिणीला तोलणारी वजनं) आणि गाडीचं इंजिन.

म्हणून सावली. ओळंबा टांगायचा आणि दोऱ्याची सावली सपाट फळीवर घ्यायची. गोव्यात सूर्य मध्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नाही: प्रमाणवेळेची रेषा साडेब्याऐंशी अंशांची, आपण चौऱ्याहत्तरच्या जवळ, म्हणून सुमारे ३५ मिनिटं उशीर, आणि मार्चअखेर त्यात पाच-सहा मिनिटांची भर. साधारण १२ वाजून ४१ मिनिटांनी पडणारी सावली खरी उत्तर दाखवते. विषुवदिनी एक मीटर काठीची ही सावली २७-२८ सेंटिमीटर भरते आणि पुढे रोज पाऊण सेंटिमीटरने आखडते. ३ मेच्या सुमारास ती संपते, त्यानंतर ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत दुपारची सावली दक्षिणेकडे. या रेषेवर दोन खिळे ठोकून दोरी ताणली की संध्याकाळी माउंट अर्ध्या अंशाच्या आत बसतो.

इतक्या कमी अक्षांशावर बाजारातल्या माउंटची एक खोड उघडी पडते. अक्ष जवळजवळ आडवा, त्यामुळे काउंटरवेटचा दांडा उत्तरेकडच्या पायावर आपटतो. ट्रायपॉड ६० अंश फिरवायचा: एक पाय दक्षिणेला, दोन ईशान्य-वायव्येला, मधली मोकळी जागा उत्तरेला. वजन एक मोठं लावण्यापेक्षा दोन छोटी, दांड्यावर वर सरकवून.

उरलेली चूक ताऱ्याच्या सरकण्यावरून काढायची. मध्यमंडलावरचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवरचा), विषुववृत्ताजवळचा तारा रेषा आखलेल्या आयपीसमध्ये पाच मिनिटं पाहा. तो उत्तरेला सरकला तर अक्ष पश्चिमेकडे जास्त गेलाय, दक्षिणेला सरकला तर पूर्वेकडे. मग पूर्व क्षितिजावर वीसेक अंश वर आलेला तारा घ्या: उत्तरेला सरकला तर अक्ष जास्त उंच, दक्षिणेला तर खाली. दोन फेऱ्या पुरतात.

खडबडीत रस्त्याने आल्यावर डॉब्सोनियनचं कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत का, ते बघायचंच. आधी दुय्यम आरशात मुख्य आरसा पूर्ण गोल आणि मध्यावर, मग मुख्य आरशाचे तीन स्क्रू. खात्री ताऱ्यावर: फोकस थोडा सोडला की कडी एककेंद्री दिसली पाहिजेत. आरसा हवेच्या तापमानाला यायला पाऊण तास लागतो, तोवर हे तपासून काही उपयोग नाही.

अंधार पडला तेव्हा अगस्त्य मध्यमंडल ओलांडून नैर्ऋत्येला कलला होता, व्याध डोक्याच्या बाजूला. आठपर्यंत समुद्राच्या कडेला ट्रॉलरचे दिवे टोचत होते, पुढे ते पांगले. अकराच्या सुमारास नौकातलातला ईटा कॅरिनीचा तेजोमेघ दक्षिणेला पंधरा अंशांवर येतो. एवढ्या खाली प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा जवळजवळ चौपट हवेतून येतो आणि तारे एका प्रतीने (तेजाच्या मोजमापातल्या एका पायरीने) मंद होतात. तरीही २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये तो मृगाच्या तेजोमेघाच्या बरोबरीने उभा राहतो, मधली काळी चीर स्पष्ट. पाऊण वाजता त्रिशंकू ताठ उभा, त्याचा खालचा तारा जेमतेम बारा अंशांवर. पावणेदोनला ओमेगा सेंटॉरी, २७ अंशांवर. १०० पटीला कडेचे तारे सुटे होतात आणि मध्यभाग दाणेदार दिसतो. हा एक तारकागुच्छ पाहण्यासाठी उत्तरेकडच्या माणसाने गोव्याचा प्रवास करावा, असं मनापासून वाटतं.

तीनच्या सुमारास मित्र, म्हणजे आल्फा सेंटॉरी. १६८९ च्या डिसेंबरात पुदुच्चेरीत धूमकेतू पाहताना जाँ रिशो या जेझुइटाला हा तारा जोडतारा असल्याचं दिसलं. त्याच्या घटकांमधलं अंतर २०१६ च्या आसपास सर्वांत कमी होतं, आता वाढतंय. १०० पटीला दोन पिवळे ठिपके सहज सुटे होतात, हवा शांत असेल तर.

दव साडेदहापासूनच पडायला लागलं. सड्यावर ते पणजीपेक्षा लवकर पडतं. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि कॅमेऱ्याची लेन्स आधी जातात. लेन्सला व्यासाच्या दीडपट लांब काळी नळी लावली तर तासभर निभतं, नंतर ऊब हवी. घरगुती पट्टा स्वस्त पडतो: ३३० ओहमचे २० रेझिस्टर समांतर जोडायचे, १२ व्होल्टला सुमारे पावणेनऊ वॉट, ०.७३ अँपिअर. प्रत्येकावर ०.४४ वॉट पडतो, म्हणून पाव वॉटचे घेऊ नयेत, एक वॉटचे घ्यावेत. ७ अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीवर पाच तासांपेक्षा जास्त चालवू नये, पूर्ण रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं. हेअर ड्रायरने काम होतं पण दहा मिनिटांनी परत तेच. आणि ओल्या काचेला रुमाल लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

पायात बूट हवेत, सुकलेल्या गवतात फुरसं असतं. शेगडी, मेणबत्ती काही पेटवू नये.

सोमवार, परत

पहाटेपर्यंत डॉब्सोनियनची नळी बाहेरून निथळत होती. अशी नळी टोपणं लावून पेटीत घालणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. सूर्य उगवल्यावर अर्धा तास तोंड जमिनीकडे झुकवून ठेवली. उन्हाकडे नळी कधीच रोखायची नाही, फाइंडरवर टोपण आधी. आयपीस उघडे सावलीत सुकवले आणि घरी पोहोचल्यावर परत एकदा उघडून ठेवायचे, कारण गाडीच्या एसीतून दमट हवेत आल्यावर त्यांच्यावर पुन्हा पाणी धरतं.

नोंदवहीत तारीख, जागा, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, दिसलेला सर्वांत मंद तारा, दवाची वेळ, वाऱ्याची दिशा, आणि प्रत्येक गोष्ट कोणत्या आयपीसने पाहिली ते. सप्तर्षींतल्या अरुंधतीपासून सुरुवात करून मंद तारे ठरलेल्या क्रमाने तपासले तर वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकमेकींशी ताडता येतात. पणजीच्या गच्चीवर आणि खोल्याच्या सड्यावर हीच यादी वापरावी. एप्रिलची अमावास्या अजून हाताशी असते, मेमध्ये संध्याकाळचे ढग सुरू होतात. त्याआधी जेल तापवून घ्यायचं, कपाटातला बल्ब तपासायचा आणि छपराच्या हुकांना ग्रीस.